२५ पिनांची केबल: आधी दुसरं टोक बघा

वडिलांच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या खोक्यात निघालेली २५ पिनांची केबल सीरियल (माहिती एकेक बिट करून पाठवणारी) की पॅरलल (आठ बिट एकदम पाठवणारी), असं तुम्ही विचारलंय. नुसत्या पिना मोजून ते कळणार नाही, दुसरं टोक बघा. तिथे रुंद कनेक्टर, आत चपट्या पट्ट्यांसारखे ३६ संपर्क आणि प्रिंटरवर त्याला धरायला तारेच्या दोन कड्या असतील, तर ती सेंट्रॉनिक्स, म्हणजे पॅरलल प्रिंटरचीच. तशाच दिसणाऱ्या टोकाला ५० संपर्क भरले तर मात्र थांबा. ती स्कझीची (SCSI, संगणकाला उपकरणं जोडायची आणखी एक पद्धत), अ‍ॅपलच्या जुन्या मॅकिंटॉश संगणकांच्या हार्ड डिस्क किंवा स्कॅनरसाठीची.

पीसीच्या मागे २५ भोकं असतील तर सहसा पॅरलल, बाहेर आलेल्या २५ पिना असतील तर सीरियल. पण १९८६च्या मॅकिंटॉश प्लसवर हुबेहूब तसंच २५ भोकांचं सॉकेट स्कझीचं आहे! प्रिंटर तिथे अजिबात लावू नका. सीरियलच्या तारांवर उणे-अधिक १२ व्होल्ट असू शकतात, पॅरलल ५ व्होल्टवर चालतं. त्यामुळे ‘बसतंय ना, लावून बघू’ हे इथे चिपच्या जिवावर बेतू शकतं.

दोन्ही टोकांना २५ असतील तर मल्टिमीटर घ्या. २ नंबरची पिन पलीकडे ३ला आणि ३ची २ला जात असेल, तर ती दोन संगणक जोडायची नल मोडेम केबल.