मदत हवी आहे: टर्मिनल एडिटरमध्ये मराठी टाइप करताना कर्सर भरकटतो

मंडळी, नमस्कार. कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. नोकरी सांभाळून रात्री सी या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटा टर्मिनल एडिटर (काळ्या कमांड-खिडकीत चालणारा, मजकूर लिहायचा प्रोग्राम) लिहितोय. इंग्रजीत झकास चालतो, पण मराठी आली की गणित बिघडतं.

'कोल्हापूर' हाच शब्द घ्या. डोळ्यांना अक्षरं चार: को, ल्हा, पू, र. युनिकोडमध्ये मात्र कोडपॉइंट (प्रत्येक चिन्हाचा क्रमांक) नऊ आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ते क्रमांक साठवायच्या पद्धतीत, बाइट २७. आधी मी बाइट मोजत होतो, तेव्हा तर कर्सर पार गगनबावड्याला जायचा! आता डब्ल्यूसीविड्थ वापरतो (चिन्ह टर्मिनलवर किती घरं व्यापतं ते सांगणारं फंक्शन). तरी काना-मात्रेची रुंदी टर्मिनल वेगळी धरतो आणि माझा एडिटर वेगळी, त्यामुळे ओळीच्या शेवटी एक-दोन घरांचा फरक राहतोच. युनिकोड १५.१ मध्ये (२०२३) जोडाक्षरं एकत्र धरायचा नियम आला. तो मी बसवला तर बाण दाबल्यावर कर्सर 'ल्हा' एका उडीत ओलांडेल, पण रुंदीचा घोळ तसाच राहील ना?

दुसरं, बॅकस्पेसने अख्खा 'ल्हा' जावा की नुसता काना? मला काना जाणं बरं वाटतं. चूक बहुतेक वेळा तेवढीच असते. रोज मराठी टाइप करणाऱ्यांनी सांगा.

पुढे अनडू (केलेला बदल मागे घेणं) आणि विम या एडिटरसारखी स्वॅप फाइल (न जतन केलेलं लिखाण वाचवणारी फाइल) करायची आहे (परवा लाइट गेली आणि तासाभराचं लिखाण बुडालं). सध्या मजकूर ठेवायला ओळींचा साधा अ‍ॅरे (यादी) आहे. अनडूसाठी पीस टेबलकडे वळू का (मूळ मजकूर तसाच ठेवून बदलांचे तुकडे वेगळे नोंदवायची रचना)? कुणी केलं असेल तर अनुभव सांगा राव.