वूज्यापीच्या नावाखाली श्यांगज्यापी? ओळख कशी पटवायची

सालपट:
चीनहून आलेलं वाळलेल्या मूळसालीचं पाकीट आहे, वर 'वूज्यापी' लिहिलंय. तिकडे गुडघेदुखीवर ही साल दारूत मुरवून घेतात. हिला वास मात्र जोरदार आहे, व्हॅनिलाच्या जवळ जाणारा. ज्यांना द्यायची त्यांना डिगॉक्सिन, म्हणजे हृदयाची गोळी, चालू आहे. प्रमाण किती घ्यावं?

खलबत्ता:
मुरवूच नका. खरी वूज्यापी ही अकँथोपॅनॅक्स या झुडपाची मूळसाल, तिला वास जेमतेम असतो. घमघमते ती श्यांगज्यापी, म्हणजे पेरिप्लोका सेपियम या वेलीची मूळसाल. उत्तर चीनमध्ये हिलाच 'उत्तरेची वूज्यापी' म्हणून विकत आले आहेत, घोळ तिथूनच. आपली उपळसरी हुंगून पाहा: दोन्हींत सुवास देणारं अल्डिहाइड एकच आहे.

नुसत्या नाकावर विसंबू नका, जुन्या मालाचा वास उडतो. श्यांगज्यापीची साल २ ते ४ मिलिमीटर जाड, बाहेरचा थर सैल, नखाने खवल्यांसारखा निघतो. वूज्यापी पातळ, साधारण २ मिलिमीटर. वर किंचित पिळदार उभ्या सुरकुत्या आणि आडवे व्रण. चूर्ण असेल तर डोळ्यांनी ओळखता येत नाही, ते घेऊच नये.

काढा_अर्धा_उरवा:
सुवास विषारी नाही, विष आहे पेरिप्लोसिन. ते डिगॉक्सिनच्याच जातीचं, हृदयावर काम करणारं ग्लायकोसाइड. म्हणून तर चिनी वैद्यकात श्यांगज्यापी पायांची सूज, धडधड, धाप यांवर देतात. पण चिनी औषधकोशात तिच्यापुढे 'विषारी' असा शेरा आहे आणि मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. वूज्यापीची ५ ते १० ग्रॅम. म्हणजे वूज्यापी समजून १० ग्रॅमचा काढा केला तर मर्यादा सरळ ओलांडली. दारूत तर पेला भरताना किती ग्लायकोसाइड पोटात जातंय याचा अंदाजच नसतो. त्यावर डिगॉक्सिन म्हणजे एकाच कामाची दोन औषधं. सोबत लघवीची गोळी असेल तर पोटॅशियम उतरतं आणि धोका आणखी वाढतो.

मूळव्यासंग:
ही अदलाबदल चीनबाहेरही झाली आहे. १९९० मध्ये कॅनडातल्या एका नवजात बाळाच्या अंगावरच्या दाट केसांचा दोष आईने घेतलेल्या 'सैबेरियन जिनसेंग'वर (हेही अकँथोपॅनॅक्सच्याच जातकुळीचं) आला. नंतर तो माल तपासला, तर निघाली पेरिप्लोका.

सालपट:
थर नखाने निघतोय. एक घोट आधीच घेतला गेला असेल तर?

काढा_अर्धा_उरवा:
मळमळ, उलटी, जुलाब सुरू झाले किंवा नाडी मंद वा अनियमित लागली तर थेट रुग्णालय गाठा. लक्षणं नसली तरी डिगॉक्सिनची पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. ईसीजी आणि पोटॅशियम बघायला लागेल. सालीचं पाकीट सोबत न्या आणि 'हृदयावर काम करणारं ग्लायकोसाइड असलेली साल' असं स्पष्ट सांगा, कारण रक्तातल्या डिगॉक्सिनचा आकडा या सालीमुळे फसवा येऊ शकतो.