हवेत इतका नायट्रोजन आहे, मग युरियाची बोरी कशाला?

इंदूरची_आई:
नमस्कार, मुलगा आठवीत आहे, काल जेवताना विचारतो की आई हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, झाडांनाही तोच लागतो, मग आजोबा सांवेरच्या शेतात युरिया का टाकतात. मला काही सांगताच आलं नाही. अजून एक, रविवारी शेतावर गेलो तेव्हा सोयाबीनचं एक रोप उपटलं तर मुळांना मोहरी-ज्वारीएवढ्या गाठी लटकलेल्या, मला वाटलं रोगच लागला, सासऱ्यांना विचारायचं राहूनच गेलं. रोप पिशवीत घालून घरी आणलंय. फेकू का?

रिटायर्ड_केमिस्ट्री:
ताई, फेकू नका, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या पिशवीतच आहे. हवेतल्या नायट्रोजनचे दोन-दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की आपण श्वासात घेतो तसाच तो परत बाहेर जातो, अंगी काहीच लागत नाही. आणि त्याच्याशिवाय तर चालत नाही, प्रोटीन, डीएनए, रक्तातलं हिमोग्लोबिन, पानाचा हिरवा रंग, सगळ्यात तो हवाच. वीज कडाडली की थोडा तुटतो आणि पावसाबरोबर जमिनीत उतरतो, पण तेवढ्याने भागत नाही. माणसाला तो तोडायला केवढा खटाटोप करावा लागला बघा, फ्रिट्झ हाबरने 1909 मध्ये प्रयोगशाळेत अमोनिया बनवून दाखवला, कार्ल बॉशने 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखाना उभा केला, त्यात हवेच्या दाबाच्या दोनशे पट दाब आणि 400-500 अंश उष्णता. आजोबांचा युरिया अशाच अमोनियापासून बनतो, त्यात 46 टक्के नायट्रोजन.

काळी_माती:
आणि तेच काम त्या गाठीतले जिवाणू आपल्या शेतात, साध्या मातीच्या गारव्यात करतात! रायझोबियम म्हणतात त्यांना. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला नत्र, म्हणजे नायट्रोजनच, देतात. ताई एक गाठ नखाने फोडून बघा, आतून गुलाबी-लाल निघाली तर काम जोरात चालू आहे समजा, हिरवट-मातकट असेल तर संपलं. रोगाची भीती वाटत असेल तर हे बघा, रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, बोटाने सहज सुटते, सूत्रकृमीची (मुळात शिरणाऱ्या बारीक किड्यांची) असेल तर मूळच फुगतं, ती काही सुटत नाही.
मी एका वर्षी शेजारच्या शेताचं बघून सोयाबीनला भरपूर युरिया दिला, वरून हिरवंगार, आणि उपटून बघितलं तर मुळं जवळजवळ मोकळी. झाडाला आयतं मिळालं की ते जिवाणूंना कशाला पोसेल. तेव्हापासून पेरताना थोडाच देतो, आणि बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कल्चर (याच जिवाणूंचं तयार मिश्रण), सावलीत वाळवून लगेच पेरणी. उन्हात ठेवलं तर जिवाणू मरतात, हे फार जण विसरतात हो, आणि मग कल्चरलाच नावं ठेवतात.

इंदूरची_आई:
आत्ताच फोडली!! आतून एकदम गुलाबी, कोवळ्या डाळिंबासारखी, मुलाची बोटं रंगली. म्हणतो हे रक्त आहे का?

रिटायर्ड_केमिस्ट्री:
रक्त नाही, पण हिमोग्लोबिनचंच भावंड आहे, लेगहिमोग्लोबिन. जिवाणूंचं जे एन्झाइम नायट्रोजन तोडतं ते मोकळ्या ऑक्सिजनने निकामी होतं, म्हणून हे ऑक्सिजनला धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच पुढे सोडतं. शाब्बास सांगा त्याला, बरोबर रंग ओळखला.

इंदूरची_आई:
सांगितलं, खूश झाला. आता म्हणतो मग गव्हाला अशा गाठी का नाहीत?

काळी_माती:
गव्हाची या जिवाणूंशी तशी जोडी जमत नाही, ती सोयाबीन, हरभरा, तूर अशा द्विदलांशी जमते. आजोबांना विचारा, बहुतेक युरियाच्या बोऱ्या गव्हालाच जात असतील. आणि सोयाबीन काढल्यावर मुळं उपटून जाळू नका म्हणावं, तिथेच राहू द्या, तो नत्र पुढच्या गव्हाच्या उपयोगाला येतो.