मदत हवी आहे: भावाला बोन मॅरो द्यायचाय, सासरी कसं समजावू?

माझं माहेर परभणी जिल्ह्यातलं, सासर अंबाजोगाईकडं. धाकट्या भावाला अप्लास्टिक ॲनिमिया झालाय. हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, रक्त तयार होणंच थांबल्यासारखं झालंय. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळंच खाली. वय २२. उपचार पुण्यात चालू आहेत. डॉक्टरांचं म्हणणं, या वयात सख्ख्या भावंडाशी एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) पूर्ण जुळत असेल तर थांबू नका, ट्रान्सप्लांट करून घ्या. पांढऱ्या पेशी इतक्या कमी असताना साधा ताप आला तरी जिवावर बेतू शकतं.

आम्हा दोघी बहिणींची तपासणी झाली. सख्ख्या भावंडात पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. धाकटीचं जुळलं नाही, माझं पूर्ण जुळलं. त्याचा रक्तगट ओ आणि माझा बी, त्यामुळं गावाकडं सगळ्यांना वाटतंय की रिपोर्टच चुकला. पण इथं एचएलए जुळावं लागतं, रक्तगट वेगळा असला तरी चालतं. चुलतभाऊ रक्त द्यायला रांगेत उभे होते, त्यांनाही डॉक्टरांनी थांबवलं. ट्रान्सप्लांट व्हायचा असेल तर नात्यातल्यांचं रक्त रुग्णाला चढवत नाहीत, नंतर शरीर दात्याच्या पेशी नाकारण्याची भीती वाढते.

माझं मन पक्कं आहे. अडचण घरात आहे. आमच्या गल्लीत एकाचं पाठीतलं पाणी काढलं होतं आणि त्यानंतर तो माणूस धड चालला नाही. सासूबाईंच्या डोक्यात तेच बसलंय. "मणक्यात सुई घालतेत, पाय जातेत. तुला एक लेकरू हाय, अजून व्हायचंय," एवढंच त्या म्हणतात. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नाही. माझ्या बाळंतपणात रात्र-रात्र बसलेली बाई आहे ती, म्हणून भांडून जावंसं वाटत नाही. मिस्टर हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत.

सही माझी एकटीची लागते, हे मला माहीत आहे. पण समन्वयक मॅडमनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली: ट्रान्सप्लांटच्या आधी भावाला जी जोरदार औषधं देतात, ती सुरू झाल्यावर दात्यानं माघार घेतली तर रुग्ण वाचणं अवघड. त्याच्या जुन्या पेशी औषधांनी संपवलेल्या असतात आणि नव्या आलेल्या नसतात. म्हणून घरातलं जे काय आहे ते आत्ताच मिटवायचंय. ऐन वेळी कुणी आडवं पडलं आणि मी डगमगले तर, या विचारानं झोप लागत नाही.

तर विचारायचं असं. मराठवाड्यातल्या कुणी बाईनं भावंडाला बोन मॅरो दिलाय का, जी माझ्या सासूबाईंशी फोनवर बोलेल? डॉक्टरांपेक्षा आपल्यासारख्या बाईचं त्या ऐकतील. दुसरं, दिल्यावर किती दिवस जड काम बंद? सोयाबीनची काढणी तोंडावर आहे. माझं हिमोग्लोबिन ११ च्या आत आहे, गोळ्या चालू केल्यात, आणखी काय करू? आणि पुढच्या मुलाबद्दल त्यांना नेमकं काय सांगू?

प्रतिसाद
ताई, मी लातूरचा, रक्तपेढीत काम करतो. आधी मणक्याची भीती काढा. पाठीतलं पाणी काढतात ते मणक्यातून, त्याचा याच्याशी संबंध नाही. बोन मॅरो घेतात कमरेच्या मागच्या हाडातून, भूल देऊन. पाठीच्या कण्याला सुई लागतच नाही. सासूबाईंचा हात धरून त्यांच्याच कमरेवर ती जागा दाखवा. भुलेचा थोडा धोका कुठल्याही ऑपरेशनला असतो तसा इथंही आहे, तो लपवू नका. नंतर जागा दुखते, थकवा येतो. हलकं काम आठवड्याभरात जमतं, पूर्ण बरं वाटायला दोन-तीन आठवडे धरा. काढणीला यंदा मजूर लावा. दिलेला मॅरो चार ते सहा आठवड्यांत शरीर भरून काढतं. मूल होण्यावर परिणाम होत नाही. फक्त देण्याच्या वेळी दिवस गेलेले नकोत, ती तपासणी आधी करतातच. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या.

प्रतिसाद
मी नांदेडची. बहिणीला दिलंय, पण माझ्या हातातल्या रक्तातून त्या पेशी घेतल्या. त्यात आधी चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, मग रक्तदानासारखं मशीनवर काही तास बसायचं. इंजेक्शनांनी हाडं ठणकली, डोकं दुखलं, बंद झाल्यावर गेलं. तुमच्या भावाच्या आजारात बहुतेक वेळा कमरेतूनच घेणं पसंत करतात, तरी डॉक्टरांना विचारून ठेवा. सासूबाईंशी मी बोलते. मलाही त्यानंतर मुलगी झाली, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकू द्या.

धागाकर्ती
ताई, खूप उपकार झाले. व्यक्तिगत निरोपात वेळ कळवते, संध्याकाळी साडेसातनंतर त्या निवांत असतात. दादा, कमरेची जागा दाखवायचं आजच करते. पुढच्या तपासणीला मिस्टरांना आणि त्यांना दोघांनाही पुण्याला नेणार आहे, डॉक्टरांकडून वेगळी वेळ मागून घेतलीय.

धाकटी बहीण विचारतेय, तिला अनोळखी रुग्णासाठी नाव नोंदवायचंय, कसं करायचं?

प्रतिसाद
दात्री किंवा डीकेएमएस इंडिया या दात्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा. गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घेतात, सुई लागत नाही. पण नाव घालण्याआधी घरी बोलून घ्यायला सांगा. बोलावणं कधीकधी वर्षांनी येतं, आणि तेव्हा नाही म्हटलं तर तिकडं कुणीतरी वाट बघत असतं.