मदत हवी आहे: गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते साईटवर कसं विचारायचं?

नमस्कार मंडळी, वेंगुर्ल्याजवळ आमचं घरगुती काजू-कोकमाचं काम आहे, छोटी साईट आहे, ऑर्डरी जास्त करून मुंबई-पुण्याच्या. अडचण ही की लोक भलतंच मागवतात आणि मग फोनवर भांडतात.

परवा एका काकूंनी आगळ (कोकमाचा रस) मागवलं, पाण्यात घालून प्यायल्या आणि म्हणे सरबत खारट निघालं, पैसे परत द्या. अहो ते आगळ, त्यात मीठ असतंच, सोलकढीला घालतात, सरबताचं साखरेतलं कोकम वेगळं. पण फोटोत दोन्ही बाटल्या लालच. आई मलाच ओरडली, "तेंका आधी सांगूक नको?"

काजूचं तर विचारूच नका. डब्ल्यू 180, 240, 320 लिहिलंय, आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती अख्खे गर बसतात तो, म्हणजे 180 चा सगळ्यात मोठा. लोक 320 मोठा समजून घेतात, वर स्वस्तात मिळाला म्हणून खूश, आणि पाकीट फोडल्यावर आम्ही चोर!

फिल्टर लावले, किंमत सोडून कशालाच कोणी हात लावत नाही. 'तुम्हाला हेही आवडेल' वालं प्लगिन टाकलं तर ते आंबापोळीखाली तिरफळं दाखवतंय 🤦 (मसाल्याची, बांगड्याच्या तिखल्यात घालतात ती).

आता वाटतंय सुरुवातीलाच दोन-तीन प्रश्न विचारावेत, पण लोक कंटाळून निघून जातील का? कोणी केलंय का असं? कोडिंग येत नाही मला.

प्रतिसाद: प्लगिन मागच्या ऑर्डरी बघून जोड्या लावतं, तुमच्या ऑर्डरी कमी असतील तर कोणीतरी एकदा दोन्ही एकत्र घेतलं की झाली जोडी. ते बंद करा, हाताने लावा. आणि फोनवर तुम्ही पहिलं काय विचारता? तोच एक प्रश्न साईटवर टाका, बाकी नको. साईटच्या सर्चमध्ये लोक काय टाईप करतात तेही बघा.

मी: फोन आई घेते, ती सरळ विचारते "सोलकढीक होया काय सरबताक?" बाटलीच्या फोटोवर तेच टाकतो आता. काजूला नुसतं मोठा, मधला, बारीक. सर्च आत्ता बघितला, सगळ्यात जास्त वेळा 'कोकम ज्यूस' आणि त्यावर आमची साईट म्हणते एकही वस्तू सापडली नाही 😅 हा शब्द सरबताला जोडायचा कुठून, सांगता का?