‘प्रौढ विज्ञान कादंबरी’ म्हणावं का?

कोरा कागद:
एका लेखिकेच्या परिचयाचा अनुवाद करतेय आणि पहिल्याच वाक्याशी अडले आहे. लेखिका स्टेफनी मायर. २००५ साली ‘ट्वायलाइट’ आलं, यंग ॲडल्ट वाचकांनी तिला डोक्यावर घेतलं आणि २००८ मध्ये ‘द होस्ट’ लिहून ती ॲडल्ट सायन्स फिक्शनकडे वळली. मी लिहिलं, ‘लोकप्रिय युवा लेखिकेची पहिली प्रौढ विज्ञान कादंबरी’. बहिणीला वाचून दाखवलं, तर तिने विचारलं, लेखिका किती वर्षांची आहे? आणि हे पुस्तक मुलांच्या हाती द्यायचं नाही का? पुस्तकात परग्रहावरचे जीव माणसांच्या शरीरांचा ताबा घेतात, एकाच शरीरात दोन मनं नांदतात. मुलांपासून लपवावं असं त्यात काही नाही. काय लिहू?

टाकबोरू:
‘युवा’ आधी काढा. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तिशीपर्यंतच्या लेखकांना मिळतो, त्यामुळे ‘युवा लेखिका’ म्हटलं की वय तिचंच वाटणार. ‘कुमार साहित्य’ हा आपला रुळलेला शब्द आहे. ‘कुमारांची आवडती लेखिका’ म्हणा.

मधली सुट्टी:
सतरा वर्षांच्या मुलीला कुमारांत बसवणार? माझा मुलगा पंधराव्या वर्षी ‘कुमारांसाठी’ लिहिलेलं पुस्तक न उघडता परत ठेवायचा. अमेरिकेतले ग्रंथपाल यंग ॲडल्ट म्हणजे १२ ते १८ धरतात. तेवढा पट्टा पेलणारा शब्द आपल्याकडे नाही, हे मान्य करून ‘यंग ॲडल्ट’च ठेवावं.

जोडाक्षर:
खरा घोळ समासाचा आहे. बालकविता म्हणजे बालांसाठी कविता, पण बालकवी म्हणजे स्वतः बाल असलेला कवी. ठोंबरे यांना १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ती पदवी मिळाली ती त्यांच्या कोवळ्या वयामुळे. ‘युवा लेखिका’चं तेच होतं. ‘प्रौढ’ सुटा लिहिला की तो कादंबरीचं विशेषण होतो. ‘प्रौढसाहित्य’ असं जोडून लिहिलं की वाचकाकडे बोट जातं.

मधली सुट्टी:
जोडून लिहिलेलं कानाला कसं कळणार? ‘प्रौढ’ ऐकलं की सिनेमाच्या सुरुवातीची ‘केवळ प्रौढांसाठी’ ही पाटी डोळ्यांपुढे येते, नाहीतर साक्षरतेचा वर्ग.

टाकबोरू:
एका पाटीपायी शब्द सोडायचा? राज्यघटनेत प्रौढ मताधिकार आहे. मतदानाचं वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आलं, म्हणजे अठराव्या वर्षी माणूस प्रौढ. समाजसुधारकांच्या ‘प्रौढविवाहा’तली वधू तर कधी त्याहूनही लहान असे. पन्नाशीचा अर्थ आपणच नंतर चिकटवला.

जोडाक्षर:
व्युत्पत्तीही तुमच्या बाजूची आहे. प्र + ऊढ, मुळात वह् धातू. पुढे वाहून नेलेला, वाढीला लागलेला. ‘नवोढा’तही हाच ऊढ, नुकतीच लग्न करून नेलेली. नियमाने ‘प्रोढ’ व्हायला हवं, पण ‘प्रौढ’ होतं, आणि त्यासाठी व्याकरणात वेगळं वार्तिक, म्हणजे सूत्राला जोडलेला पुरवणी नियम, द्यावं लागलं.

उंबरठा:
हिंदीवाले ‘वयस्क’ म्हणतात ते बरं आहे.

टाकबोरू:
मुळीच नको. मराठीत वयस्कर म्हणजे केस पिकलेला माणूस. ‘वयस्क कादंबरी’ वाचून आजी-आजोबांची गोष्ट वाटेल.

उंबरठा:
मग ‘सज्ञान’? की तो कोर्टातच शोभतो? माझी आजी ‘लहानथोर’ म्हणायची. लहान म्हणजे मुलं, थोर म्हणजे मोठी माणसं. किती सरळ जोडी! पण एकटा ‘थोर’ आता पुतळ्यांकडे गेला. ‘जाणता’ मात्र अजून जिवंत आहे. ‘जाणत्या वाचकांसाठी’ म्हणून पाहा.

मधली सुट्टी:
म्हणजे सोळा वर्षांची मुलं अजाण? हा तर सरळ अपमान.

हस्तलिखित:
सगळे ‘प्रौढ’पाशी अडलात. मला तर प्रश्न पडतो की मराठी विज्ञानकथेला ‘मोठ्यांसाठी’ हे शेपूट लागतंच कशाला. नारळीकरांची ‘कृष्णविवर’ मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने गेली. आद्याक्षरं उलटी केली होती, म्हणजे परीक्षकांपुढे फक्त कथा. ती मोठ्यांची की मुलांची, हे तेव्हा कुणी विचारलं होतं? मी बाराव्या वर्षी त्यांच्या कथा वाचल्या, वडिलांनी त्याच प्रतीतून चाळिशीत वाचल्या.

मधली सुट्टी:
तुमच्या घरी असेल. मी विज्ञानकथा वाचतो म्हटलं की लोक अजून म्हणतात, ‘मुलांची पुस्तकं का?’ म्हणूनच शेपूट लागतं. फार लागतं ते मनाला.

कोरा कागद:
मजकूर आज द्यायचा होता. ‘किशोरवयीन वाचकांची लाडकी लेखिका प्रथमच मोठ्यांसाठी विज्ञान कादंबरी लिहिते’ असं करून पाठवलं. ‘किशोरवयीन’ अजून खुपतोय.

टाकबोरू:
खुपणारच. ‘किशोर’ मासिक वाचणारी मुलं दहा-बारा वर्षांची.

जोडाक्षर:
‘प्रौढी मिरवणे’ राहिलंच की. इथे प्रौढी म्हणजे बढाई. वाढलेल्यापासून फुशारकीपर्यंत अर्थ कसा सरकला असेल? जुन्या पोथ्यांतली उदाहरणं कुणाकडे आहेत का?