वडिलांमागे राहिलेले ३६ लाख रुपये आईसाठी कसे गुंतवावेत? मदत हवी आहे

नमस्कार.

मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझे माहेर यावल तालुक्यातले. गेल्या आषाढात वडील वारले. त्यांच्यामागे चार एकर केळीची जमीन आणि एकाच राष्ट्रीयीकृत बँकेत सात पावत्यांवर मिळून ३६ लाख रुपयांच्या मुदत ठेवी राहिल्या आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी रस्त्याकडेची दोन एकर जमीन विकली होती, ही बहुतेक रक्कम त्याच व्यवहारातली आहे. आई ६६ वर्षांची आहे, तिला रक्तदाब आणि मधुमेह आहे आणि निवृत्तिवेतन कसलेही नाही. शेती धाकटा भाऊ करतो. हे पैसे कुठे ठेवावेत याबद्दल घरात चार महिने चर्चा चालू आहे, पण निर्णय होत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

वारसाची बाजू आधी सांगते, कारण तिच्यावर पुढचे सारे अवलंबून आहे. ठेवींवर नामनिर्देशन भावाचे आहे. नामनिर्देशित व्यक्ती पैशांची मालक होत नाही, ती वारसांच्या वतीने पैसे स्वीकारते, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेले आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, भाऊ आणि मी, असे आम्ही तिघे समान वारस आहोत, म्हणजे प्रत्येकाचा वाटा १२ लाखांचा. आमच्याकडे अशा वेळी बहिणीने हक्कसोड करून द्यावी अशी अपेक्षा असते, आणि नातेवाइकांनी तसे सुचवलेही. भावाने मात्र स्वतःहून सांगितले की सगळी रक्कम आईच्या नावावर ठेवू, ती आहे तोवर तिच्यासाठी वापरू आणि नंतर दोघांत वाटून घेऊ. मला हे मनापासून पटले. वारसाहक्काने आलेल्या रकमेवर आपल्याकडे कर नाही, मुलांनी आईला दिलेली रक्कमही करपात्र धरली जात नाही आणि पुढचे व्याज आईचेच उत्पन्न मानले जाते, एवढी खात्री आम्ही करून घेतली आहे.

सुरक्षिततेचा आग्रह घरात एवढा का आहे, हेही सांगायला हवे. वडिलांची लोखंडी पेटी आवरताना तळाशी एका पतसंस्थेची दामदुप्पट ठेवीची पावती सापडली. चौघडी घातलेली, घडीवर फाटलेली, शिक्का निळ्या शाईचा. तिला टाचणीने सात-आठ चिठ्ठ्या जोडलेल्या होत्या. कोणत्या तारखेला जळगावला गेलो, कोणाला भेटलो, काय उत्तर मिळाले, एसटीचे भाडे किती लागले, हे वडिलांनी प्रत्येक चिठ्ठीवर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले होते. रक्कम १ लाख ४० हजार रुपयांची होती. त्यातले ३० हजार हाती आले, तेही तुकड्या-तुकड्यांनी. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यातल्या अनेक पतसंस्था अडचणीत आल्या आणि कित्येकांच्या मुलींची लग्ने, दवाखाने त्या पैशांवाचून अडले. तेव्हापासून वडिलांनी सगळा पैसा एकाच मोठ्या बँकेत ठेवला. बँकेतील ठेवींना विमा असतो, परंतु ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेत, सर्व शाखा आणि व्याज धरून, ५ लाख रुपये आहे. पतसंस्थांतील ठेवींना तर हे संरक्षण मुळीच नाही. राष्ट्रीयीकृत बँक बुडेल असे मला वाटत नाही, तरीही ३६ लाखांतले ३१ लाख विम्याबाहेर आहेत हे कळल्यापासून आईला झोप लागत नाही.

आईचे म्हणणे अगदी थोडे आहे. ‘मले महिन्याच्या महिन्याले हातात पैसे पाहिजेत, कोनापुढे हात पसरायचा नाही.’ तिचा औषधपाण्यासह महिन्याचा खर्च साधारण १४ हजार रुपये आहे. त्यामुळे साहजिकच पहिले लक्ष ज्येष्ठ नागरिक बचत योजनेकडे गेले. एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा ३० लाख आहे, दर सध्या ८.२ टक्के आहे आणि खाते उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षे कायम राहतो. पूर्ण ३० लाख ठेवले तर दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतील, म्हणजे महिन्याला २०,५०० पडतील. २४ लाख ठेवले तरी तिमाहीला ४९,२०० आणि महिन्याला १६,४०० मिळतील. उरलेल्यातले ६ लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत ७.४ टक्क्यांनी ठेवल्यास दरमहा आणखी ३,७०० येतात. आजच्या खर्चाला हे पुरून उरते.

माझी खरी अडचण इथून पुढे आहे. व्याजाचा आकडा तोच राहणार आणि खर्च वाढत जाणार. वर्षाला ६ टक्के महागाई धरली तर आजचे १४ हजार बारा वर्षांत २८ हजार होतात. आई तेव्हा ७८ वर्षांची असेल, म्हणजे औषधे आणि सोबतीची गरज नेमकी त्याच वेळी वाढलेली असेल. पाच वर्षांनी खात्याची मुदत वाढवता येते, पण तेव्हाचा दर काय असेल यावर भिस्त ठेवता येत नाही. शिवाय एकदम मोठा दवाखाना निघाला तर मुदतीपूर्वी खाते बंद करावे लागेल. एक ते दोन वर्षांत बंद केल्यास मुद्दलातून दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापला जातो, आणि पहिल्या वर्षात बंद केल्यास दिलेले व्याजही वळते करून घेतले जाते. सत्तरीपुढच्यांना ५ लाखांपर्यंत उपचार देणारी आयुष्मान वय वंदना योजना आईला अजून चार वर्षे लागू होणार नाही.

भावाची मागणी वेगळी आहे आणि ती मला अवाजवी वाटत नाही. त्याला ठिबक बदलायचे आहे, विहिरीचे काम करायचे आहे आणि शेजारचा एक एकर विकायला निघाला आहे तो घ्यायचा आहे. त्याच्या हिशेबाने यांत १० लाख तरी लागतील. पण तीन वर्षांपूर्वी मृगबागेवर (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीवर) सीएमव्ही हा विषाणूरोग आला तेव्हा टिश्यूकल्चरची रोपे उपटून बांधावर ढीग घालावे लागले होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. तो सबंध दिवस भाऊ कोणाशी बोलला नाही. वेळेत फेड केल्यास ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज आपल्या राज्यात बिनव्याजी पडते आणि ठिबकला अनुदान मिळते, मग पिकाच्या खर्चासाठी आईचे मुद्दल का वापरावे, असे माझे मत आहे. जमीन मात्र पुन्हा मिळणार नाही, हे त्याचे म्हणणेही खरे आहे.

मामांचा आग्रह सोन्याचा आहे. जळगावच्या सराफ बाजारात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना सोन्याशिवाय दुसरे सुचणे कठीण, आणि भाव वाढलेले आहेत हेही खरे, पण सोने आईला महिन्याला काही देणार नाही. माझे सासर अमळनेरचे. तिथे १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या विप्रोचे शेअर पिढ्यानपिढ्या सांभाळलेली घरे आहेत, त्यामुळे सासरची मंडळी शेअर घ्या म्हणतात. ज्यांनी मुलीच्या लग्नासाठी किंवा घराच्या बांधकामासाठी ते शेअर मध्येच विकले, त्यांची नावे त्या गप्पांत येत नाहीत. एका कंपनीवर आईचे पैसे लावणे मला मान्य नाही. शेअर बाजाराच्या निर्देशांकावर आधारित म्युच्युअल फंडात दहा-बारा वर्षांसाठी थोडी रक्कम ठेवावी, असे मात्र मनात आहे, ते केवळ महागाईच्या भीतीने.

सध्या मनात असलेली मांडणी अशी आहे: २४ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, ४ लाख दवाखान्यासाठी दुसऱ्या बँकेत एक-एक लाखाच्या चार ठेवी करून, ५ लाख निर्देशांक फंडात आणि ३ लाख भावाला विहिरीसाठी, तेही लेखी उसनवार म्हणून. आई आणि भाऊ दोघेही फंडाच्या ५ लाखांना तयार नाहीत.

जाणकारांनी मुख्यतः तीन गोष्टींवर मत द्यावे. ६६ वर्षांच्या, दुसरे उत्पन्न नसलेल्या स्त्रीसाठी फंडातला हा सातवा हिस्सा जास्त आहे का? आणि तो ठेवायचाच असेल, तर एकरकमी ठेवावा की वर्ष-दीड वर्षात थोडा थोडा? आईला दरमहा मिळणाऱ्या जादा २,४०० रुपयांचे आवर्ती खाते काढून पाच वर्षांनी तीच रक्कम महागाईसाठी वापरणे पुरेसे ठरेल का, म्हणजे फंडाची गरजच पडणार नाही? तिसरे, भावाला दिलेल्या रकमेची नोंद कशी ठेवावी, की उद्या वाटणीच्या वेळी आम्हा दोघांत कडवटपणा येणार नाही? आईचे मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करून घ्यायचे आणि प्रत्येक खात्यावर आम्हा दोघांचेही नामनिर्देशन ठेवायचे, हे ठरलेले आहे.

भर: कालपासून आलेल्या प्रतिसादांबद्दल आभार. दोघांनी एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी सुचवली आहे. वडिलांना पूर्वी एकदा ठेव म्हणून अशीच पॉलिसी देण्यात आली होती आणि ती दरवर्षी भरायची आहे हे दुसऱ्या वर्षी हप्त्याची सूचना आल्यावर कळले, म्हणून तो पर्याय आम्ही विचारात घेतलेला नाही. एकांनी विचारले की हा धागा भावाला माहीत आहे का. होय, वरचे सारे त्याला वाचून दाखवूनच लिहिले आहे, आणि जमिनीबद्दलचे वाक्य त्याच्या सांगण्यावरून घातले आहे. पहिल्या तीन पावत्यांची मुदत येत्या २० तारखेला संपते. ते १४ लाख आईच्या बचत खात्यात आल्यावर सर्वांत आधी ज्येष्ठ नागरिक योजनेचे खाते उघडणार आहोत, तेवढ्यावर तिघांचे एकमत झाले आहे. उरलेल्या चार पावत्या फाल्गुनात सुटतील, तोपर्यंत आपली मते वाचत राहीन.